अडीच किलोचा कळप

बाई, तुमची मनीषा मंगळवारी आमच्या वाडीवर आली. दौंडहून शिरूर, शिरूरहून केंदूर आणि पुढं पायी. तुम्हाला जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. पोरगी तांब्याभर पाणी प्यायली आणि पिशवीतून माझी जुनी वही काढून तिनं माझ्या पुढ्यात ठेवली. वहीत कॉम्प्युटरवर छापलेले कागद होते, दोन्ही कडांना भोकं असलेले.

"आईनं सांगितलं होतं, हे मावशींच्याच हातात द्यायचं," ती म्हणाली. "आणि तिच्याबद्दल काहीतरी लिहून द्याल का? छोटं पुस्तक काढायचंय. सगळ्या नर्सबाई लिहितायत."

मी बरं म्हणाले. त्या सगळ्या लिहितील की तुम्ही मायाळू होता. मायाळू कसल्या! चढावर सायकल ढकलत यायच्या आणि अंगणात पाय ठेवायच्या आधी ओरडायला लागायच्या, नाळ कापायला नवं ब्लेड घेतलं का, हात धुतले का, नखं दाखवा. मी तुमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी, तरी मी नखं दाखवायची. ते लिहिणारे लिहोत. मी दुसरं लिहिते. मनीषाला छापायचं तर तिनं छापावं, नाहीतर चुलीत घालावं.

मी तुमच्यासाठी रडले नाही. दहाव्याला दौंडला नदीवर आले होते, तिथंही नाही. पण ते कागद उघडले आणि लगेच मिटून परत वहीत घातले. कागदावर पाच रकाने आहेत. नंबर, आईचं नाव, तारीख, वजन. पाचवा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा. त्याच्या डोक्यावर तुम्ही छापलंय, 'खरं वजन'.

दोनशे बारा ओळी. त्यातली सत्त्याण्णव नंबरची ओळ माझ्या घरातली आहे, माझ्या सुनेची. त्या एका ओळीला मी भिते. तिच्यापायी तुम्हाला टाळलं, तिच्यापायी तुमच्या आजारपणात दौंडला आले नाही. आता तुम्ही नाही, तर कागद आला.

वाचणाऱ्याला कळावं म्हणून मागचं सांगते. मी वाडीची सुईण, तुम्ही आमच्या सरकारी नर्सबाई. आमची वाडी आणि आसपासच्या तीन वाड्या, सगळी धनगरांची घरं. चौथी पास होते म्हणून सरकारी ट्रेनिंगला माझं नाव आधी लागलं. ट्रेनिंग संपल्यावर एक पेटी मिळाली. तिच्यात ब्लेड, दोरा, साबण आणि एक ताणकाटा होता. काट्याच्या नळीवर तीन पट्टे, तांबडा, पिवळा आणि हिरवा. हिरवा अडीच किलोपासून पुढं. काटा आढ्याला अडकवायचा, खाली झोळी, झोळीत बाळ. वजन वहीत लिहायचं. अडीचच्या खाली भरलं तर तुम्हाला कळवायचं. मग तुम्ही दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येऊन बघणार, वेळ पडली तर शिरूरला नेणार. असा नियम होता.

वहीतली पहिली ओळ एका मुलीची आहे. एक किलो नऊशे. मी खरं लिहिलं आणि खरं बोलले.

"तांबड्यात म्हंजी?" तिच्या आजीनं विचारलं.

"म्हंजी अशक्त हाय. शिरूरला न्या."

"दोन पोरींवर ही तिसरी. आन् तीबी तांबड्यात."

बापानं काट्याकडे बघितलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि मेंढरं सोडायला गेला. कुणी तिला मारलं नाही, बाई. फक्त कुणी जगवलं नाही. भिंतीकडेला ठेवली. रडली तर पाजायची, रडायची थांबली तर बरं झालं, झोपली. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात तर दाराला कडी, माणसं रानात. तिसऱ्या दिवशी सगळं आटपलेलं होतं. तुम्ही त्या आजीला काय काय बोललात! ती एवढंच म्हणाली, "सुईणीनंच सांगितलं व्हतं, तांबड्यात हाय म्हणून."

त्यानंतर माझ्या तोंडून तांबडं हा शब्द निघाला नाही. काटा तांबड्यात असो, पिवळ्यात असो, मी म्हणायची, "अडीच. हिरव्यात हाय. झ्याक हाय." नळी माझ्या तोंडाकडे फिरवलेली, घरच्यांना पट्टा दिसायचा नाही. झोळी उतरवायची, बाळ उघडं करून आईच्या उघड्या छातीशी बांधायचं, वरून घोंगडी. थंडीत जन्मलेलं कोकरू आम्ही असंच जगवतो. "घोंगडीतनं बाहेर काढलंत तर माझ्याशी गाठ हाय," एवढं सांगून निघायची. घरी येऊन वहीत लिहायची, अडीच. तुमच्या रजिस्टरात तेच उतरायचं, त्याच्याखाली तुमची सही, आणि तुम्ही त्या दारावरून सायकल पुढं न्यायच्या. हिरव्यातल्या बाळाकडे तीन-तीनदा कोण जाणार!

दहा वर्षं हे कुणाला कळलं नाही. तुम्हालाही कळलं नसतं. पण सरकारनं तुम्हाला कॉम्प्युटरच्या परीक्षेला बसवलं.

तुमची किती गाळण उडाली होती! पंचेचाळिशीची बाई, बाळंतिणीचं रक्त बघून डोळा न लवणारी, आणि त्या माऊस नावाच्या उंदराला हात लावायच्या आधी तीन-तीनदा बोटं पदराला पुसायची. शिरूरला कापडाच्या दुकानावर क्लास होता. तिथले सर म्हणाले, सरावाला घरून कसलेतरी आकडे आणा. तुम्ही माझी वही नेली. माझं अक्षर मोठं आहे म्हणून. एवढंच कारण. एक-एक बोट दाबत तुम्ही दोनशे बारा नावं आत घातली. आणि एका बाजारच्या दिवशी मला म्हणालात, "मावशी, चला माझ्याबरोबर क्लासला. एक गंमत दाखवते."

चपला बाहेर काढून आत गेलो. आत पडदे लावलेले आणि थंडी वाजेल एवढं गार.

"येवढं गार कशाला?"

"मशीन तापू नये म्हणून."

"बाळंतिणीच्या खोलीची कुणी येवढी काळजी घेत न्हाई," मी म्हणाले. तुम्ही हसलात. त्या दिवशीचं ते तुमचं शेवटचं हसणं.

तुम्ही एका रिकाम्या चौकोनात बरोबरचं चिन्ह टाकलं, पुढं स्क्यू असं लिहिलं, कंसात माझी सगळी वजनं धरली आणि बटण दाबलं. एक आकडा आला.

"ह्ये काय सांगतंय?"

"सरासरी मधलं सांगते, मावशी. हे सांगतं आकड्यांचा ढीग कुठल्या बाजूला कललाय. मधल्यापासून लांब गेलेले आकडे कुठं आहेत. मागं की पुढं."

"म्हंजी कळपासारखं," मीच म्हणाले. जीभ कुठं घसरते बघा. "चालता कळप. मधी गर्दी. पुढं दोनचार एडके. मागं लांबवर लंगडी, म्हातारी, परवा जन्मलेली."

"बरोबर तसंच!" तुम्हाला एवढा आनंद झाला. "आता बघा. ही दवाखान्यातली बाळं, मी स्वतः तोललेली." तुम्ही परत तेच सगळं टाकलं. आकड्याच्या आधी वजाची रेघ आली. "वजा म्हणजे शेपूट मागं. ही मागं राहिलेली बारकी बाळं. कमी दिवसांची, अशक्त. ती असतातच. सर म्हणाले, बाळांच्या वजनाचं असंच येतं."

"आन् माझा?"

तुम्ही परत वरच्या चौकोनाकडे गेलात. वजाची रेघ नव्हती. पॉइंट आठ, नुसता. तुम्ही ते पुसून परत एकदा तेच टाकलंत. मग वजनं लहानापासून मोठ्यापर्यंत लावून घेतली आणि बोट ठेवून खाली येत गेलात. पहिल्या ओळीत एक किलो नऊशे, ती मुलगी, एकटी. तिच्यानंतर एकदम अडीच. अडीच, अडीच, अडीच. तुमचं बोट खाली खाली जात होतं आणि अडीच संपत नव्हतं. मोजलं तर त्र्याऐंशी.

माझ्या बापाची मेंढरं होती, राखायला गडी होता. संध्याकाळी कळप वाघुरीत, जाळीच्या कुंपणात, शिरायचा तेव्हा तो तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहायचा. सगळी मेंढरं एका दमात, मागं कुणी न रेंगाळता आली, तर दुसरा कुणी खूश झाला असता. माझ्या बापाचा चेहरा उतरायचा. तो राखणाऱ्याला विचारायचा, "लंगडी कुठं सोडली?" कारण मागं कुणी नसलेला कळप नसतो. कुणीतरी त्यांना वाटेत टाकून आलेलं असतं.

हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. तरी तुम्ही माझ्याकडे वळून तेच विचारलंत. "मावशी, बारकी बाळं कुठं गेली?"

"आमच्या वाडीत बारकी व्हत न्हाईत," मी म्हणाले.

सर मागं उभे होते. "मावशी, तुमच्या वाडीचं पाणी आम्हालापण पाठवा," म्हणाले आणि हसले. तुम्ही मशीन बंद केलं. केंदूरपर्यंत एसटीत आपण शेजारी बसलो होतो. मला वाटत होतं, पुढच्या थांब्यावर पोलीस चढतील. हसू नका. मला खरंच तसं वाटत होतं.

चार दिवसांनी तुम्ही घरी आलात. सुमन, म्हणजे माझी सून, रानात गेलेली बघून आलात. मी सगळं सांगितलं. पहिल्या मुलीचं, तिच्या आजीचं, घोंगडीचं. तुम्ही ऐकून घेतलं. मला वाटलं, कळलं तुम्हाला.

"घरच्यांना खोटं सांगितलंत ते मला कळतं," तुम्ही म्हणालात. "मी तुमच्या जागी असते तर कदाचित तेच केलं असतं. पण मला का खोटं सांगितलंत? माझ्या कानात सांगायचं. मी काहीतरी निमित्त काढून आले असते. लस म्हणून, ताक प्यायला म्हणून."

"तुम्ही वहीत लिवलं असतं."

"नसतं लिहिलं."

"लिवलं असतं. तुमच्याच्यानं न लिवता ऱ्हावत न्हाई. आन् लिवलेलं कवा ना कवा कुणीतरी वाचतंच."

"मावशी, किती जगली आणि किती गेली?"

"लई जगली."

"आणि गेली किती?"

मी उठून चुलीत लाकूड सारलं. चूल चांगली पेटलेली होती.

"मला कुणाला दाखवायचं नाही," तुम्ही म्हणालात. "त्या वजनांखाली माझी सही आहे. मी कुणाकुणाच्या दारावरून सायकल पुढं नेली, ते मला कळलं पाहिजे. तुम्हाला सगळी वजनं आठवतात, मला माहीत आहे. मला खरी द्या. मी परत भरते आणि बघते कुठं कलतंय."

आठवतात. सगळी आठवतात. बाळ हातात घेतलं की मला काट्याआधी कळायचं आणि कळलेलं पुसत नाही. पण मी म्हणाले, म्हातारीच्या काय ध्यानात राहतंय!

मग तुमची बदली दौंडला झाली. शिरूरच्या स्टँडवर तुम्हाला सोडायला आले, एक बोचकं माझ्या डोक्यावर, एक तुमच्या काखेत. गाडी लागली. "देणार ना आकडे?" तुम्ही विचारलंत. "बघू," मी म्हणाले. "बघू म्हणजे नाही," तुम्ही म्हणालात. गाडी हलल्यावर खिडकीतून डोकं काढून ओरडलात, "मावशी, मी रकाना रिकामा ठेवलाय!" मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ऐकू न आल्यासारखी वळले. आपलं शेवटचं बोलणं ते. दोन वर्षं झाली.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला पहिलं काय वाटलं ते सांगते. वाटलं, सुटले. मग दिवसभर मला माझीच भीती वाटत राहिली.

आता सत्त्याण्णवची ओळ. बाकीच्या ब्याऐंशी ओळींचा जाब मला देता येईल. देवानं विचारलं तर त्यालाही देईन. ही एक सोडून. सुमनचं पहिलं बाळंतपण मीच केलं. मुलगा. एक किलो आठशे. आमच्या घरात त्याला कुणी भिंतीकडेला टाकलं नसतं. पहिला नातू, मुलगा, सगळं घर एका पायावर उभं होतं. तिथं भीती नव्हतीच. तिथं तोरा होता. सुईणीच्या घरात तांबड्यातलं बाळ, लोक काय म्हणतील. मी आढ्याखाली उभी राहून मोठ्यानं म्हणाले, अडीच. अंगणातल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मला वाटलं, माझ्या हातानं एवढी जगली, हा तर घरातला. तुम्ही त्या आठवड्यात दोनदा आमच्या दारावरून गेलात. हात केलात. मीही केला.

आठव्या दिवशी तो दूध ओढायचा थांबला आणि पाय गार पडले. जीप मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. शिरूर यायच्या आधीच संपलं. लोक म्हणाले, नजर लागली. सुमन म्हणाली, माझं दूध कमी पडलं. मी तिला तसं म्हणू दिलं. पुढं दोन मुली झाल्या. दोन्ही वेळेला ती आळीव, खोबरं, बाजरी रडत रडत गिळायची, दूध यावं म्हणून. मी समोर बसून बघायची. आठ वर्षं.

तुम्ही छापलेल्या कागदावर सत्त्याण्णवच्या ओळीशेजारी पेन्सिलीचा एक ठिपका आहे. प्रश्न नाही, रेघ नाही, नुसता ठिपका. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तरी तुम्ही त्या दिवशी सुमन घरात नाही हे बघून आलात, आणि तिचं नाव काढलं नाही. एवढं करून ठेवायला नको होतं, बाई. ओरडला असतात तर मला सोपं गेलं असतं.

कागद चार दिवस बाजरीच्या कणगीखाली होते. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. एवढं बारीक छापलेलं डोळ्याजवळ धरून एखाददुसरी ओळ लागते, दोनशे ओळी वाचून भरणं होत नाही. वाडीत वाचणाऱ्या दुसऱ्या बायका आहेत. पण त्यांनी वाचलं असतं तर संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर झालं असतं, आणि सुमनला ते तिथं कळलं असतं. शनिवारी जेवणं झाल्यावर मी तिला हाक मारली. ती बाजरी निवडत होती. हात झटकून आली.

"आत्याबाई, ह्ये कशाचं?"

"बाईंचं एक काम ऱ्हायलंय. तू नाव वाच, मी सांगते ते रिकाम्या जागी लिही."

ती सातवी शिकलेली आहे. पहिली ओळ खरीच होती, ती तशीच उतरली. तिसऱ्या ओळीला तिनं मान वर केली.

"दोन शंभर? हितं तर अडीच लिवलंय."

"लिवलंय. तू मी सांगते ते लिही."

थोड्या वेळानं तिला हसू आलं. "ह्यो दीड किलोचा व्हता? आता म्हशीच्या पाठीवर बसून घोड नदीत पोहतोय." आणखी दहा-पंधरा नावं झाली आणि हसणं थांबलं. विचारणंही थांबलं. नाव वाचायची, मी वजन सांगायची, ती लिहायची. ज्यांची बाळं गेलेली होती त्यांच्या नावाला तिचा आवाज खाली यायचा. तिला सगळे माहीत आहेत.

नव्वदच्या पुढं ती हळू लिहायला लागली. पंच्याण्णवला तिनं पेन खाली ठेवलं, उठली, माठातलं पाणी प्यायली. मला वाटलं, आता येत नाही. आली. शहाण्णव लिहिलं. मग म्हणाली, "सुमन. अडीच."

स्वतःचं नाव तिनं दुसऱ्या कुणाचं असावं तसं वाचलं.

"एक आठशे," मी म्हणाले.

तिनं लिहिलं. अक्षर इकडचं तिकडं झालं नाही.

"तवा तुम्ही हिरव्यात म्हणाला व्हता."

"व्हय."

"बाईंना सांगितलं असतं तर आल्या असत्या?"

"आल्या असत्या. कायबी सांगून आल्या असत्या."

"म्हंजी माझं दूध..."

"तुझं दूध भरपूर व्हतं. त्याला वढायची ताकद नव्हती. मला पहिल्या दिवशीच ठावं व्हतं."

तिनं कागद सरळ केला.  मग तिनं बोट एक ओळ खाली सरकवलं आणि पुढचं नाव वाचलं. असं करत आम्ही दोनशे बारापर्यंत गेलो.

मनीषा कागद न्यायला येईल, मशीनमध्ये भरेल. तुम्ही केलं होतं तसंच बरोबरचं चिन्ह टाकेल. वजाची रेघ येणार, ते मला मशीनशिवाय कळतंय. मागं राहिलेली सगळी आता आली. तुमची सही ज्यांच्या खाली होती ती सगळी.

आज सोमवार. शनिवारपासून सुमन बोललेली नाही. भाकरी वाढते, अंघोळीला पाणी काढते, मुलींना शाळेत पाठवते. सकाळी मुली गेल्यावर तिनं फळीवरची माझी पेटी काढली. ताणकाटा आढ्याला अडकवला, झोळी लावली आणि ओंजळी-ओंजळीनं तिच्यात बाजरी टाकायला लागली. मी दारात उभी होते. काटा तांबड्यात उतरत उतरत एक आठशेवर आला तेव्हा ती थांबली. दोन दाणे जास्त झाले असतील, ते तिनं काढून घेतले. मग झोळी उतरवली, मांडी घालून बसली आणि ती मांडीवर घेतली.

"येवढाच व्हता?" तिनं विचारलं.

"येवढाच."

बाई, मग मी वही-पेन घेऊन ओट्यावर बसले आणि हे लिहायला लागले. लिहून झालं. दारातून आतलं दिसतंय. झोळी तिनं अजून खाली ठेवलेली नाही.